रामकथा : थाळीवर, मुखवट्यांत आणि पडद्यावर

एखादी थोर कथा एका रूपातून दुसऱ्या रूपात गेली, की रसिकांत लागलीच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मूळ ग्रंथाचा विपर्यास झाला. दुसरा म्हणतो, कथेस नवा जन्म लाभला. अद्भुतरसाने ओथंबलेल्या कथेवरून हाताने रेखाटलेल्या चित्रांचा चलत्चित्रपट निघाला म्हणजे तर हा वाद विशेषच रंगतो. त्याचा निवाडा करण्यासाठी परदेशी उदाहरणे धुंडाळण्याचे प्रयोजन नाही. रामायणासारखी अद्भुत कथा आपल्या घरचीच आहे, आणि तिच्या रूपांतरांचा इतिहास नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील सुरगाण्यापासून सांगता येण्यासारखा आहे.

सुरगाणा हे १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होते. आज तो नाशिक जिल्ह्यातील एक तालुका आहे. सह्याद्रीच्या कुशीत, डांगच्या सीमेस लागून असलेल्या या डोंगराळ मुलखात कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. या पट्ट्यात कथा सांगण्याची एक जुनी रीत आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवितात आणि ती काडी बोटांनी सुतीत गेले, की थाळीतून एक संथ, अखंड नाद निघतो. त्या नादावर कथेकरी रात्र रात्र कथा लावतो. अन्नदात्री कणसरीची कथा अशी गातात, आणि डांगच्या बाजूस कोकणी बोलीतील रामकथाही. या रामकथेस पोथी नाही. कथेकऱ्याची स्मृती हाच तिचा ग्रंथ. सबब प्रत्येक आवर्तनात ती थोडी बदलते, आणि तरीही ती रामकथाच राहते.

तीच कथा बोहाड्यात आली म्हणजे काय होते ते पाहावे. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव हा सोंगांचा उत्सव होतो. आरंभी गणपती, मग शारदा, त्यानंतर पुराणांतील देव, दैत्य आणि वीर मशालींच्या उजेडात एकामागून एक येतात. शेवटी बहुधा देवी महिषासुराचा वध करते. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे जड असतात, आणि कित्येक ठिकाणी अमुक सोंग नाचविण्याचा मान अमुक घराण्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आलेला असतो. येथे शब्द जवळजवळ लोपतात. थाळीवर रावणाचा गर्व वर्णनाने कळे. येथे तो दहा तोंडांच्या मुखवट्याने आणि पावलांच्या ठेक्याने कळतो. मुखवट्याचा चेहरा पालटत नाही, म्हणून मनातले सारे पायांत आणि वाद्यांत उतरावे लागते. कथेचा विस्तार गेला, पण तिचा आवेश वाढला. शब्दाकडून आकृतीकडे जाण्याचा हा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पाही याच जिल्ह्याशी निगडित आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पडद्यावर आणले. ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. ते मूकपटांचे युग असल्याने येथेही शब्द गौण आणि आकृती मुख्य, हा बोहाड्याचाच न्याय होता. याच फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक करून हलवीत, प्रत्येक हालचालीचे निराळे चित्र घेत, ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट रचला. निर्जीव वस्तूस पडद्यावर सजीव करण्याचे बीज आपल्याकडे असे लवकर रुजले.

तिसरा टप्पा १९९२ चा. ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट युगो साको या जपानी गृहस्थांनी, मुंबईचे ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या सहकार्याने पुरा केला. सेकंदास चोवीस चौकटी या हिशेबाने सव्वादोन तासांच्या अशा पटास दोन लाखांच्या घरात चौकटी लागतात. त्यावरून त्यामागील कष्टांची कल्पना यावी. मात्र आरंभी या उपक्रमास आपल्या देशात विरोध झाला. पवित्र कथा व्यंगचित्रांच्या पंक्तीस बसविणे हा तिचा अवमान होय, असा आक्षेप घेण्यात आला, आणि चित्रपटाचे बरेचसे काम जपानात झाले.

ज्याने सुरगाण्याकडील बोहाडा पाहिला आहे, त्यास हा आक्षेप पटणार नाही. लगद्याच्या मुखवट्यात देव आणणारे आणि त्या मुखवट्याची पूजा करणारे लोक एकच असतात. साधन हलके म्हणून भक्ती हलकी ठरत नाही. रूपांतराचा खरा दोष तेथे नाही; तो अन्यत्र शोधला पाहिजे.

वाल्मीकींचे रामायण सात कांडांचे आणि सुमारे चोवीस हजार श्लोकांचे. चित्रपट रामाच्या विजयी पुनरागमनापाशी थांबतो. उत्तरकांडातील सीतात्यागाचे शल्य त्यात नाही. आनंदाच्या क्षणी पडदा पाडण्याचा हक्क कलावंतास आहेच, आणि गाळल्यावाचून रूपांतर होत नाही. परंतु श्रोत्याच्या मनात जितके राम असतील, तितक्यांच्या जागी पडदा एकच चेहरा कायमचा बसवितो. थाळीवरील कथेकरी आज गाळलेला प्रसंग उद्या सांगेल. बोहाड्यात या गावचा रावण त्या गावच्या रावणाहून निराळा दिसेल. चित्रपट मात्र एकदा रेखाटला, की लक्षावधी घरांत हूबेहूब तोच. आणि ज्या मुलाने तो आधी पाहिला, त्यास आपल्या गावचा मुखवटा ‘चुकीचा’ वाटू लागण्याचा संभव आहे. हानी होते ती या ठिकाणी.

म्हणून मूळ श्रेष्ठ की रूपांतर, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. रामकथा रूपांतरांवरच जगत आली आहे. प्रश्न एवढाच, की नवे रूप आल्यावर जुन्यास जागा उरते की नाही. हा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडील चित्रगृहांत पुन्हा झळकला. आपल्या मुलांना तो अवश्य दाखवावा. पण त्याबरोबर एखाद्या वर्षी त्यांस सुरगाण्याकडे, मशालींच्या उजेडात नाचणारा रावण पाहावयासही न्यावे. दोन रावण पाहिलेल्या मुलास तिसरा आपल्या मनाने कल्पिता येतो, आणि कथा जिवंत राहते ती अशा तिसऱ्यामुळेच.