टस्कीगीची धावपट्टी

अल्पसंख्याकांनी स्वतःच्या वेगळ्या शिक्षणसंस्था चालवाव्यात की सर्वांच्या संस्थांत आपली जागा मागत राहावे, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. तो निघाला की मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले टस्कीगी कॉलेज आठवते. तिथे हाच वाद लढाऊ विमानांवरून झाला होता.

अमेरिकेत कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकारी होण्याची तयारी करता येते. त्या व्यवस्थेला आरओटीसी म्हणतात. आपल्या एनसीसीची थोरली बहीण समजा. टस्कीगी हे कृष्णवर्णीयांचे कॉलेज, आणि तिथेही आरओटीसीचे वर्ग भरत. १९३८ साली तिथे लष्करी विषय शिकवायला एक तरुण अधिकारी आला, बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत चार वर्षे त्याच्याशी कामापलीकडे कुणी बोलले नव्हते. खोलीत जोडीदार नाही, जेवताना शब्द नाही. तरी १९३६ मध्ये २७६ जणांत ३५ वा आला. त्याला वैमानिक व्हायचे होते. विमानदलात कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. तुकडी नाही म्हणून वैमानिक नको, आणि वैमानिक नाहीत म्हणून तुकडी नको! नाकारण्याची ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही.

१९३९ मध्ये सरकारने कॉलेजांतून नागरी वैमानिक घडवण्याची योजना काढली. टस्कीगीने ती लगेच उचलली. शिक्षक मिळवले, उड्डाणाची सोय केली. जानेवारी १९४१ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने लष्कराविरुद्ध कोर्टात धाव घेतली, आणि त्याच सुमारास लष्कराने कृष्णवर्णीयांची स्वतंत्र तुकडी जाहीर केली. तिचे प्रशिक्षण टस्कीगीला मिळाले, कारण तयारी तिथे होती. जुलैमध्ये १३ जण दाखल झाले. ७ मार्च १९४२ रोजी पाच उत्तीर्ण झाले. त्यांत डेव्हिस होता.

पण सगळे कृष्णवर्णीय खूश नव्हते. विल्यम हॅस्टी हे नामवंत कायदेपंडित तेव्हा युद्धमंत्र्यांचे सल्लागार होते. गोऱ्यांपासून वेगळे ठेवून दिलेले शिक्षण म्हणजे अपमानच, असे त्यांचे म्हणणे. १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तत्त्व म्हणून मला हॅस्टी पटतात. मात्र टस्कीगीने वेगळे मैदान नाकारले असते, तर त्या युद्धात उडालेले शेकडो कृष्णवर्णीय वैमानिक कुठून आले असते, हेही विचारावे लागते. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मला सोपेपणाचे वाटते. कोर्टात जाणारा विद्यार्थी नसता तर लष्करावर दबाव आला नसता, आणि टस्कीगी नसते तर संधी आल्यावर उडायला माणसे नसती.

डेव्हिसने युरोपात ३३२ व्या फायटर ग्रुपचे नेतृत्व केले. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील भेदभाव संपवण्याचा आदेश काढला. हवाईदलातल्या वेगळ्या तुकड्या मोडून सर्वांना एकत्र आणण्याची योजना आखण्यात स्वतः डेव्हिसचाही हात होता. १९४९ मध्ये ३३२ वा ग्रुप बरखास्त झाला आणि त्यातले वैमानिक इतर तुकड्यांत रुजू झाले.