औंढा नागनाथ : दोन काळांचे एक मंदिर

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे तालुक्याचे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे देशभर परिचित आहे. महाराष्ट्रातील परंपरेनुसार बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश्वराचे स्थान ते हेच. गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर ही स्थळेही हा मान सांगतात. धर्मराज युधिष्ठिराने वनवासात हे मंदिर उभारले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. अभ्यासक मात्र ते यादवकालीन, साधारणतः तेराव्या शतकातील मानतात.

मंदिराकडे पाहताच त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, हेमाडपंती पद्धतीचा. चुना न वापरता घडीव चिरे एकमेकांत बसवून तो रचलेला आहे. भिंतींना अनेक कोन असल्याने दिवसभर त्यांवर छायाप्रकाशाचा खेळ चालतो. जोत्यावर हत्तींची रांग, तर त्यावर देवदेवतांची शिल्पे आहेत. वरचा भाग विटांचा व चुन्याच्या गिलाव्याचा असून तो उत्तरकालीन आहे. औरंगजेबाच्या काळात मंदिराची मोडतोड झाली व पुढे अहिल्याबाई होळकर यांनी जीर्णोद्धार केला, असे सांगितले जाते.

गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने पायऱ्या उतरून, अंग चोरून आत जावे लागते. तेथे एका वेळी मोजकेच भाविक मावतात.

शिवमंदिरात नंदी देवासमोर असतो. येथे तो मंदिराच्या मागे आहे. त्याची कथा संत नामदेवांशी (१२७०-१३५०) जोडलेली आहे. याच जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. गुरू विसोबा खेचर त्यांना औंढ्यातच भेटले, अशी वारकरी परंपरा आहे. शिंपी कुळातील नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळातून हाकलले. त्यांनी मागे जाऊन कीर्तन मांडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मागे राहिला, असे ही कथा सांगते. देऊळ फिरल्याचा प्रसंग शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदातही आहे. त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ मध्ये झाले, यावरून ही कथा किती जुनी व किती दूरवर पोहोचलेली आहे, याची कल्पना येते.

शिल्पांची झीज झाली, शिखर बदलले. परंतु देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्या एका भक्ताची आठवण या मंदिराने पाठीमागच्या नंदीच्या रूपाने जपली आहे.