खिडकीजवळची जागा

दौंड-मनमाड गाडीत कोणत्या बाजूला बसावे, असे विद्यार्थी मला विचारतात. मी नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तीस वर्षे मास्तरकी केली. प्रश्न साधा आहे, पण मला त्याचे उत्तर इतिहासाला वगळून देता येत नाही.

माझे वडील याच मार्गावर गँगमन होते. खडी भरणे आणि स्लीपर सरळ करणे यांत त्यांचा जन्म गेला. त्यांच्या पासावर आम्ही वर्षातून एकदा मनमाडला मावशीकडे जात असू. डब्यात खिडकी रिकामी असली तरी आई दाराजवळ ट्रंकेवर बसे. एकदा मी खिडकीशी जाऊन बसलो. शेजारच्या गृहस्थाने गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि आपला पाण्याचा तांब्या उचलून दुसऱ्या बाकावर नेला. आईने मला हाताला धरून परत ट्रंकेवर आणले. तिसऱ्या वर्गाच्या तिकिटात जागेचा हक्क होता, तो वापरण्याची हिंमत मात्र तिकिटाबरोबर मिळत नव्हती. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. आडनाव विचारणे त्यानंतरही चालूच राहिले.

हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात भुकेल्या माणसांनी त्याचे मातीकाम केले. ज्यांनी भराव घातला, त्यांच्या नातवंडांना डब्यात सरकून बसावे लागले. १९०१ साली कोरेगावला जाण्यासाठी मसूरच्या स्टेशनात उतरलेल्या बालवयीन बाबासाहेबांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीने त्यांना बरोबरीने आणले. फलाटावर पुन्हा गाव भेटले.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तेथे सांगितले. दलित कामगाराला गँगमनच ठेवतात. पोर्टरही क्वचितच करतात, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी कामे करावी लागतात, हेही त्यांनी मांडले. म्हणजे भेदाचे मूळ रुळात नव्हते, मास्तरच्या स्वयंपाकघरात होते. वडिलांना बढती का मिळाली नाही, हे मला ते भाषण वाचल्यावर कळले.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. दौंडहून सकाळी निघालात तर डावी खिडकी धरा, कारण गाडी उत्तरेला जाते आणि ऊन उजवीकडून येते. दुपारनंतर उजवी बाजू बरी. पूर्वी पुण्याहून येणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला दुसऱ्या टोकाला लागे आणि पुण्यात डावी म्हणून घेतलेली खिडकी उजवी होई. आता कॉर्ड लाइनवरून जाणाऱ्या गाड्यांना तसे होत नाही. तेव्हा गाडी कोणती ते आधी विचारा. नगर सोडल्यावर विळदच्या घाटात डोळे मिटू नका. राहुरीच्या आधी मुळा, पुढे प्रवरा, आणि पुणतांब्यानंतर गोदावरी लागेल.

पण तिघांची आठवण ठेवा. बेलापूर स्टेशनपासून जवळच्या हरेगावला १९३९ साली महार वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. कोपरगावच्या पुढे येवले येते. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. आणि शेवटी मनमाड, जेथे गँगमनचे दुःख प्रथमच सभेपुढे मांडले गेले असे माझे वडील मानत. या तिन्ही ठिकाणी डावी-उजवी पाहू नका. दारात उभे राहून स्टेशनचा फलक वाचा.

निवृत्तीनंतर मी आईला घेऊन मनमाडला गेलो. आरक्षणात तिच्यासाठी खिडकीची जागा मुद्दाम मागून घेतली होती. तिने बराच वेळ पदर सावरून बसूनच प्रवास केला. मग येवल्याजवळ रुळाच्या कडेला काम थांबवून उभी असलेली गँग दिसली. तिने खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि त्यांच्या दिशेने हलवला.