ओलोवो: शिसे की कथील?

रशियन भाषेत ‘ओलोवो’ म्हणजे कथील. चेक भाषेत हाच शब्द शिशाचा वाचक आहे. मूळ स्लाव्ह शब्द एक, धातू मात्र दोन! यास पूर्वजांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना; दोन्ही मऊ, दोन्हींना लाकडाचा जाळ पुरतो. रोमन लोकही कथिलास ‘पांढरे शिसे’च म्हणत.

सोन्याबाबत संदिग्धता नाही: रशियन ‘झोलोतो’ आणि संस्कृत ‘हिरण्य’ पिवळेपणा दर्शवणाऱ्या एकाच धातूपासून, अर्थात व्याकरणातल्या, निघाले. चांदीचे कोडे गहन आहे. संस्कृत ‘रजत’ व लॅटिन ‘आर्जेंटम’ एका कुळातले. रशियन ‘सेरेब्रो’ मात्र जर्मन ‘झिल्बर’ आणि लिथुआनियन ‘सिदाब्रास’ यांच्या पंक्तीत बसते. तो शब्द बहुधा कोण्या परक्या भाषेतून, चांदीच्याच वाटेने आला.