मेनफ्रेमवरील आभासी यंत्रांची नेटवर्क जोडणी आणि तिचे दोषनिवारण : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६४ ते २००४)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी शोधांचे आणि शोधकर्त्यांचे लेखन राहिले आहे. यंत्र बंद पडल्यावर ते पुन्हा कसे सुरू केले गेले, या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. वास्तविक पाहता, बिघाड हा यंत्राच्या रचनेचा विश्वासू साक्षीदार असतो. सुरळीत चालणारी व्यवस्था आपली घडण लपविते. अडलेली व्यवस्था ती उघड करते.

बँका, विमा कंपन्या व शासकीय कार्यालये यांचे प्रचंड व्यवहार सांभाळणाऱ्या महासंगणकांना मेनफ्रेम म्हणतात. अशा एकाच मेनफ्रेमवर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा आभास सॉफ्टवेअरच्या साहाय्याने निर्माण करता येतो. त्यातील प्रत्येक आभासी संगणकास आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन अशी संज्ञा आहे. पुणे-मुंबईतील अनेक मराठी तरुण आज परदेशी संस्थांच्या मेनफ्रेमची देखभाल करतात. त्यांच्यासमोर येणारा एक नेहमीचा प्रश्न म्हणजे, आभासी यंत्र चालू आहे, परंतु नेटवर्कशी त्याचा संपर्क होत नाही. हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. प्रस्तुत शोधनिबंधात त्याची ऐतिहासिक मुळे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) आभासी यंत्राच्या निर्मितीमागील मूळ हेतू समजून घेणे.
२) मेनफ्रेमवरील नेटवर्क जोडणीच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
३) दोषनिवारणाची पद्धती व हा इतिहास यांतील संबंध स्पष्ट करणे.

गृहीतक : आभासी यंत्राची निर्मिती जोडणीसाठी नव्हे, तर विलगतेसाठी झाली, त्यामुळे नेटवर्क जोडणीतील बरेचसे दोष हे मूळ रचनेचेच स्वाभाविक परिणाम आहेत.

१. विलगतेचे तत्त्व :

१९६० च्या दशकारंभी संगणक एका वेळी एकाच कामासाठी वापरला जाई. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथे १९६१ मध्ये सीटीएसएस ही कालविभाजन प्रणाली दाखविण्यात आली आणि एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कल्पना प्रत्यक्षात आली. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तथापि, कालविभाजनाच्या दृष्टीने ती अपुरी असल्याचे मत पडले व एमआयटीने आपल्या मल्टिक्स प्रकल्पासाठी जनरल इलेक्ट्रिकची निवड केली. आयबीएमच्या प्रतिष्ठेला बसलेला हा धक्का होता.

याच पार्श्वभूमीवर केंब्रिज येथील आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली घडविली. सिस्टिम ३६० मॉडेल ४० या यंत्रात आवश्यक बदल करून तिच्यावर १४ आभासी यंत्रे चालविण्याची सोय करण्यात आली. १९६७ च्या प्रारंभी ती नित्य वापरात आली. तिच्या पाठोपाठ सीपी-६७ आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम ३७० ही प्रणाली जाहीर झाली.

या प्रणालींचे मुख्य तत्त्व असे की, प्रत्येक वापरकर्त्यास आपण संपूर्ण संगणकाचे एकमेव धनी आहोत असे वाटावे. शेजारच्या आभासी यंत्राच्या स्मृतीत डोकावता येऊ नये, त्याच्या चुकीचा फटका इतरांना बसू नये, याची दक्षता नियंत्रक प्रणाली घेत असे. वाड्यातील बिऱ्हाडे एका छपराखाली राहूनही प्रत्येकाचे दार स्वतंत्र असते, तशी ही व्यवस्था होती. म्हणजेच जोडणी हा नियम नसून अपवाद होता, आणि अपवादासाठी परवानगी लागते. पुढील सर्व इतिहास या एका वाक्यात सामावला आहे असे म्हणता येईल.

२. कार्डांच्या देवघेवीपासून जाळ्यापर्यंत :

प्रत्येक आभासी यंत्रास आभासी कार्डवाचक, आभासी कार्डछिद्रक, आभासी मुद्रक व वापरकर्त्याचे टर्मिनल दिलेले असे. दोन यंत्रांमधील देवघेवीचा सर्वांत सोपा मार्ग याच उपकरणांतून निघाला. एका यंत्राने आपल्या छिद्रकातून काढलेली कार्डे नियंत्रक प्रणाली दुसऱ्याच्या वाचकात टाकीत असे. प्रत्यक्षात कागदाचा तुकडाही हलत नसे. आज विचित्र वाटणारी ही पद्धत संदेशवहनाचा पाया ठरली.

एडसन हेंड्रिक्स यांनी केंब्रिज केंद्रात विकसित केलेल्या आरएससीएस या प्रणालीने हीच कार्डे दूरध्वनी वाहिनीवरून दुसऱ्या गावच्या मेनफ्रेमवर पोहोचविली. आयबीएमच्या अंतर्गत व्हीनेट या जाळ्याचा विस्तार यातूनच झाला. १९८३ मध्ये त्याच्या केंद्रांची संख्या १००० झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे जाळे अर्पानेटपेक्षा मोठे होते. इंटरनेटचा इतिहास सांगताना अर्पानेटचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो, व्हीनेटचा मात्र क्वचितच होतो. इतिहासलेखनातील हा असमतोल नोंदविणे आवश्यक वाटते.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांना जोडून बिटनेट हे शैक्षणिक जाळे सुरू झाले. तेही आरएससीएसच्याच पद्धतीवर आधारलेले होते. येथे दोषनिवारण सोपे होते. पुढील वाहिनी बंद असल्यास मजकूर नष्ट होत नसे, तर रांगेत थांबत असे. कोणत्या केंद्रावर रांग साचली आहे हे पाहिले की दोषाची जागा कळे.

३. डिसेंबर १९८७ चा धडा :

बिटनेटची रचना झाडाच्या फांद्यांसारखी होती. दोन केंद्रांमध्ये एकच मार्ग असल्याने एक केंद्र बंद पडले की पलीकडील सर्व केंद्रे तुटत. या रचनेची दुसरी मर्यादा डिसेंबर १९८७ मध्ये समोर आली. पश्चिम जर्मनीतील क्लाउस्थाल येथील विद्यापीठातून निघालेला एक लहानसा प्रोग्राम पडद्यावर नाताळचे झाड काढीत असे आणि त्याच वेळी वापरकर्त्याच्या परिचितांच्या यादीतील सर्वांना स्वतःच्या प्रती धाडीत असे. युरोपातील अर्न, बिटनेट व व्हीनेट ही तिन्ही जाळी त्याने व्यापली.

या घटनेत एकही तार तुटली नव्हती व एकही यंत्र नादुरुस्त नव्हते. जाळे अडले ते अति रहदारीमुळे. जोडणीचा दोष म्हणजे तुटलेली तार, या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

४. लिनक्सचे आगमन :

डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने आपल्या मेनफ्रेमसाठी लिनक्सला आवश्यक असलेली भर प्रसिद्ध केली. २००० मध्ये झेड-व्हीएम ही व्हीएमची नवी आवृत्ती जाहीर झाली. त्याच वर्षी एका चाचणीत एकाच मेनफ्रेमवर लिनक्सची ४१,४०० आभासी यंत्रे चालविण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले. यंत्रे उभी करणे शक्य झाले, परंतु ती एकमेकांशी व बाहेरच्या जगाशी जोडायची कशी, हा प्रश्न तीव्र झाला.

प्रारंभी दोन यंत्रांना जोडणारी आभासी वाहिनी वापरली जाई. ही जोडणी दोघांपुरतीच असे व दोन्ही टोकांस नोंदवावी लागे. एक यंत्र पुन्हा सुरू केले की दुवा तुटे. २००१ मध्ये गेस्ट लॅन ही सोय आल्याने अनेक यंत्रे एका आभासी जाळ्यात बसू लागली. तरी बाहेर जाण्यासाठी मध्ये एक मार्गदर्शक यंत्र ठेवावे लागे आणि ते थांबले की सर्वांचा संपर्क थांबे. २००३ मध्ये व्ही-स्विच हा आभासी जोडफलक आला. त्याने मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डाशी थेट नाते जोडले व मधल्या यंत्राची गरज संपली. २००४ मध्ये त्यात दुसऱ्या स्तरावरील वाहतुकीची, म्हणजे आयपी पत्त्यांऐवजी मॅक पत्त्यांवर आधारलेल्या वाहतुकीची सोय झाली. प्रत्येक टप्प्याने मागील टप्प्यातील एक दोष दूर केला आणि नोंदींचा एक नवा थर वाढविला, असे दिसून येते.

५. दोषनिवारणाची पद्धती :

संपर्क तुटल्यावर अनुभवी तंत्रज्ञ प्रथम दोन प्रश्न विचारतो. आभासी यंत्रास त्याच जोडफलकावरील शेजारी दिसतो काय? आणि बाहेरील संगणक दिसतो काय? शेजाऱ्यांमधील वाहतूक मेनफ्रेमच्या स्मृतीतच होते, ती कार्डापर्यंत जातच नाही. म्हणून शेजारी दिसत असून बाहेरचे दिसत नसेल, तर शोध कार्ड, केबल, बाहेरील स्विच व त्यावरील व्हीलॅनची नोंद यांकडे वळवावा लागतो. शेजारीही दिसत नसेल, तर दोष बहुधा आतील नोंदींत असतो.

या आतील नोंदी पायरीपायरीने तपासाव्या लागतात. यंत्रास आभासी नेटवर्क कार्ड दिले आहे काय? वाचन, लेखन व माहिती यांसाठीचे तीन उपकरण क्रमांक लिनक्समध्ये बरोबर नोंदले आहेत काय? कार्ड जोडफलकाशी जोडले आहे काय? त्या यंत्रास जोडफलक वापरण्याची परवानगी आहे काय? यंत्र व जोडफलक एकाच स्तरावर काम करीत आहेत काय? यांतील स्तराची विसंगती विशेष फसवी असते. सर्व काही जोडलेले दिसते, पण माहिती पुढे सरकत नाही.

परवानगीचा दोषही तितकाच शिकविणारा आहे. चालू प्रणालीत केवळ आज्ञेने दिलेली परवानगी त्या क्षणापासून लागू होते. मात्र प्रणालीच्या कायम नोंदीत ती लिहिली नसेल, तर मेनफ्रेम पुन्हा सुरू होताच ती नाहीशी होते. अनेक महिने सुरळीत चाललेले यंत्र एका रविवारच्या देखभालीनंतर अचानक अबोल होते. नवखा तंत्रज्ञ त्या रविवारी काय बदलले याचा शोध घेतो. जाणता तंत्रज्ञ काय लिहायचे राहून गेले हे शोधतो. इतिहासाच्या अभ्यासकास हा फरक परिचित आहे. दप्तरात न चढलेली सनद वारसांच्या उपयोगी पडत नाही.

एक मार्ग मात्र सदैव उघडा असतो. नेटवर्क तुटलेल्या आभासी यंत्राचे टर्मिनल नियंत्रक प्रणालीमार्फत गाठता येते, कारण ते त्या यंत्राच्या नेटवर्कवर अवलंबून नसते. ही देणगी केंब्रिजच्या मूळ रचनेची आहे. परंतु हे टर्मिनल ओळीमागून ओळ दाखविणारे असल्याने पूर्ण पडदा वापरणारे संपादक त्यावर नीट चालत नाहीत. केवळ आधुनिक साधनांवर शिकलेला तरुण येथे अडतो. ज्याला जुनी ओळ-संपादनाची रीत ठाऊक आहे, तो काही आज्ञांत चूक दुरुस्त करतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, आभासी यंत्राचे मूळ तत्त्व विलगता हे असल्याने त्याची प्रत्येक जोडणी ही स्वतंत्र नोंद व परवानगी यांवर अवलंबून असते. दुसरा, दोषनिवारणाचे कार्य तारेच्या तपासणीकडून नोंदींच्या वाचनाकडे सरकले आहे. तिसरा, जुने थर नाहीसे झालेले नाहीत. नव्या थरांखाली ते कार्यरत आहेत व संकटकाळी तेच उपयोगी पडतात.

ही व्यवस्था घडविणारी व सांभाळणारी पिढी निवृत्त होत आहे. तिच्याजवळील ज्ञानाचा मोठा भाग पुस्तकांत उतरलेला नाही. तो सवयींत आणि आठवणींत आहे. किल्ल्यांच्या व दप्तरांच्या नोंदी आपण जपतो, त्याच आस्थेने तंत्रज्ञांच्या मौखिक आठवणी नोंदविल्या जाव्यात. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास मेनफ्रेमवर काम करणाऱ्या मराठी तंत्रज्ञांचा अनुभवही इतिहासाच्या साधनांत जमा होईल. अन्यथा तोही कायम नोंदीत न लिहिलेल्या परवानगीप्रमाणे, पुढील आरंभाबरोबर पुसला जाईल.