सिमग्रिड

समांतर आणि वितरित सॉफ्टवेअर प्रत्यक्ष यंत्रसमूहावर न चालवता त्याला किती वेळ लागेल हे आजमावण्याचे मुक्त सॉफ्टवेअर. हेन्री कॅसानोव्हा यांनी १९९९ च्या सुमारास सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते सुरू केले. कोणते काम कोणत्या संगणकावर सोपवावे, याच्या पद्धती तपासणे एवढाच तेव्हा हेतू होता. पुढचा विकास मुख्यतः फ्रान्समध्ये झाला.

असे आधी आजमावावे लागते, कारण प्रक्रियक वाढवले की वेग त्याच पटीत वाढतो, असे नाही. जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७ च्या मांडणीनुसार ५ टक्के काम एकामागून एकच करावे लागत असेल, तर ६४ प्रक्रियकांवर वेग जेमतेम १५ पट होतो आणि कितीही प्रक्रियक जोडले तरी २० पटींपुढे जात नाही. या हिशेबात संदेशांच्या देवाणघेवाणीचा वेळ धरलेलाच नाही, आणि खरी गोची तिथेच असते.

तो वेळ काढण्यासाठी सिमग्रिडला यंत्रांचे वर्णन एका फाइलमध्ये द्यावे लागते : प्रत्येक संगणकाचा वेग, प्रत्येक जोडणीची बँडविड्थ आणि विलंब. समजा, जोडणी सेकंदाला १२५ मेगाबाइटची आणि विलंब ५० मायक्रोसेकंदांचा आहे. एकेक बाइटचे हजार संदेश एकापाठोपाठ एक धाडले, तर सुमारे ५० मिलिसेकंद जातात. तेच हजार बाइट एका संदेशात बांधले, तर ५८ मायक्रोसेकंद पुरतात. इतके हातानेही काढता येते. पण शेकडो संदेश एकाच वेळी त्याच जोडणीवर आले, की बँडविड्थ वाटली जाते आणि हिशेब हाताबाहेर जातो. सिमग्रिड हे वाटप गणिती प्रतिमानाने करते. एकेका पॅकेटचा माग काढत बसत नाही, म्हणून ते वेगवान आहे.

त्याच्या ‘एसएमपीआय’ या भागात एमपीआय या संदेशवहनाच्या मानकावर लिहिलेला मूळ प्रोग्राम एकाच संगणकावर चालतो. आकडेमोड खरी होते, संदेशवहन तेवढे लुटुपुटूचे. स्मृती पुरावी म्हणून अनेक प्रक्रियांना एकच जागा वाटून देण्याची सोय आहे. मात्र ती वापरली की उत्तरे चुकीची येतात, तेव्हा उत्तर पाहून पुढची वाट ठरवणाऱ्या प्रोग्रामसाठी ती बाद. बार्सिलोनाचे ‘डिमेमास’ आणि इलिनॉय विद्यापीठातील लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाचे ‘बिगसिम’ ही याच कामाची साधने.

दोन रचनांपैकी सरस कोणती, हे ठरवायला सिमग्रिड उपयोगी आहे. नेमके सेकंद हवे असतील, तर वर्णनातले आकडे खऱ्या यंत्रावर मोजूनच भरावे लागतात.