हस्तिदंतावरील रंगीत रेखाकर्म : मुंबईंतील संग्राहकांस कांहीं सूचना

गिरगांवांतील एका वाडींत, एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घरीं, कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें एक पेटी पाहिली. लांबी वीतभर, आंत चंदनाचें लाकूड, त्यावर हस्तिदंताचे पातळ पत्रे जडविलेले, आणि कांठानें काळ्या रेषांची वेलबुट्टी, तींत मधूनमधून तांबड्या लाखेचा ठिपका. झांकणाच्या तीन बाजूंस ही वेल सलग आहे. चौथ्या बाजूस मात्र कोरा पांढरा पट्टा. चौकशी करतां कळलें कीं, एका दसऱ्याच्या साफसफाईंत पेटी लिंबाच्या फोडीनें घांसून उजळण्यास आरंभ झाला होता. नक्षी नाहींशी होत आहे असें दिसतांच घरच्या बाईंनीं हात आवरला. लिंबाच्या आंबटानें लाख विरत नाहीं, दांताचा पृष्ठभाग विरतो. आणि पृष्ठभाग गेला कीं उथळ रेषा आपल्या रंगासह जाते. त्या पांच मिनिटांत जें गेलें तें कोणत्याहि उपायानें परत येणारें नव्हे.

घरच्या मंडळींनीं दोन प्रश्न विचारले. पेटी कोठची व किती जुनी, हा पहिला. विकली तर काय येईल, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर कायद्यानेंच देऊन ठेवलें आहे, तें पुढें येईल. पहिल्याचा शोध घेतांना जें हातीं लागलें तें, अशा वस्तु ज्यांच्या घरीं वा पाहण्यांत असतील त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून, येथें मांडतों.

प्रथम या कलेच्या नांवाविषयीं. हस्तिदंत कोरून उठावाच्या आकृति काढणें वेगळें, आणि गुळगुळीत केलेल्या दांतावर अणकुचीदार हत्यारानें रेषा ओढून त्या रेषेंत रंग भरणें वेगळें. या दुसऱ्या प्रकारास येथें रेखाकर्म म्हटलें आहे. पाश्चात्य संग्राहक 'स्क्रिमशॉ' या नांवानें ज्याचा ध्यास घेतात तें हेंच; फक्त दांत बहुधा हत्तीचा नसून देवमाशाचा. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या शिकारी गलबतांवरील खलाशी, वर्षानुवर्षें चालणाऱ्या सफरींतील रिकामा वेळ घालविण्यासाठीं, शीड शिवण्याच्या सुईनें अगर चाकूच्या टोकानें त्या दांतांवर आपलें जहाज रेखाटीत व रेषांत काजळी चोळीत. 'सुसान' नांवाच्या जहाजावरील फ्रेडरिक मायरिक यानें १८२८-२९ सालीं असे दांत नांव व तारीख घालून कोरले, म्हणून त्यांस आज फार मान आहे. काजळीखेरीज इतर रंग भरलेले नमुने थोडे. आणि जें थोडें त्याचेंच खोटें अधिक निघतें, हा अनुभव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं.

परंतु ही युक्ति खलाशांनीं शोधून काढली असें मात्र नव्हे. आपल्या देशांत दंतकारांचा धंदा किती जुना व प्रतिष्ठित होता, हें सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेखावरून दिसतें. त्या तोरणावरील रूपकर्म विदिशेच्या दंतकारांनीं केलें असें तो लेख सांगतो. मराठवाड्यांत तेर व भोकरदन येथें मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ति, आणि १९३८ सालीं इटलींतील पाँपेईच्या ढिगाऱ्यांतून निघालेली त्यांच्याच जातकुळीची मूर्ति, यांची तुलना विद्वानांनीं केलीच आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्यें गाडली गेली. अर्थात् ती मूर्ति त्यापूर्वींची. हें सर्व कोरीवकाम झालें. रेखाकर्माचा भरभक्कम पुरावा पाहिजे तर तो बेग्रामचा. काबूलच्या उत्तरेस या ठिकाणीं जोझेफ हाकँ व त्यांचे सहकारी यांस १९३७ व १९३९ सालीं भारतीय घडणीचे शेंकडों हस्तिदंती पत्रे मिळाले. त्यांतील कित्येकांवर आकृति केवळ रेषांनीं ओढल्या असून रंगाच्या खुणाहि राहिल्या आहेत. म्हणजे ज्या वस्तूकडे आपण पांढरी म्हणून पाहतों ती मूळचीच पांढरी होती असें धरून चालूं नये.

यावरून संग्राहकानें वस्तु हातीं येतांच पहिला प्रश्न करावयाचा तो असा, कीं रंग कोठें आहे? सावंतवाडीकडे गंजिफांचें काम चालतें तें कागदाचें वा कापडाचें. परंतु श्रीमंतांसाठीं पूर्वीं गंजिफा हस्तिदंतावरहि होत, त्यांवरील रंग दांताच्या अंगावर लेप देऊन बसविलेला असतो. हस्तिदंतावरील लहान तसबिरींचेंहि तसेंच. असा रंग ओल्या फडक्यानेंहि जातो. दुसऱ्या जातींत रंग रेषेच्या आंत असतो. विजगापट्टणचें, म्हणजे आजच्या विशाखापट्टणचें, काम या जातीचें. तेथील कारागीर अठराव्या शतकापासून कंपनीच्या साहेबलोकांसाठीं पेट्या, मेजें, खुर्च्या व आरशांच्या चौकटी करीत. शिसवी अगर चंदनी लाकडावर हस्तिदंत मढवून त्यावर वेल, झाडें, विलायती चित्रांतून उतरलेल्या इमारती कोरीत आणि रेषा लाखेनें भरीत. तिसऱ्या जातींत रंग दांताच्या अंगांतच मुरलेला असतो. तें काम सुरतेचें व मुंबईचें, सादेलीचें.

सादेलीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण मुंबईचें खरें काम तेंच. हस्तिदंत, हिरवा रंगविलेला हस्तिदंत, सांबरशिंग, आबनूस, पतंगाचें लाकूड व कथील यांच्या बारीक लांब काड्या तासून, ठराविक नक्षी साधेल अशा रीतीनें त्यांची जुडी सरसानें एकजीव करावयाची, आणि मग त्या जुडीच्या आडव्या चकत्या कापून चंदनाच्या पेटीवर चिकटवावयाच्या. बत्तासा कापावा तसें फूल प्रत्येक चकतींत पुन्हां निघतें. ही विद्या इराणांतील शिराजकडून सिंधमार्गें सुरतेस व मुंबईस आली, असें जॉर्ज बर्डवुड यांनीं आपल्या १८८० च्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथांत नोंदविलें आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत अशा पेट्या गेल्या, आणि 'बाँबे बॉक्स' हें नांव विलायतेच्या बाजारांत रूढ झालें.

घोटाळा येथूनच सुरू झाला. मुंबई हें हस्तिदंताचें घर नव्हे, हस्तिदंताचें बंदर. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः झांजिबारहून, कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांमार्फत एकोणिसाव्या शतकांत दांत मुंबईस उतरत. त्यांतील उत्तम माल लंडनकडे परत निघे, आणि उरलेला कच्छ, काठेवाड, राजपुतान्याकडील बायकांच्या चुड्यांसाठीं जाई. झांजिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षें जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडेच होता. येथील देशी कारागिरांनाहि आफ्रिकेचा दांत अधिक पसंत असे, कारण तो लवकर पिवळा पडत नाहीं. तेव्हां दांत मुंबईहून आला, पेटी मुंबईच्या दुकानांत विकली गेली, साहेबाच्या सामानांतून मुंबईच्या धक्क्यावरून निघाली, म्हणून ती मुंबईची, असा निवाडा कित्येक ठिकाणीं झालेला दिसतो. मोडी कागद पुण्याच्या बाजारांत मिळाला म्हणून तो पुणें दरबारचा म्हणण्यासारखेंच हें आहे. गिरगांवच्या पेटीचा रंग रेषेंत, लाख काळी, क्वचित् तांबडी, सादेलीचा मागमूस नाहीं. सबब ती विजगापट्टणची म्हणणें भाग आहे, मुंबईचा अभिमान कितीहि असला तरी.

आतां खऱ्याखोट्याचा विचार. राळेच्या किंवा रासायनिक लगद्याच्या नकला ओळखणें फारसें कठीण नाहीं. हत्तीच्या दांताच्या आडव्या छेदावर परस्परांस छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी दिसते. ती नकलेंत साधत नाहीं. हाडावर भिंगाखालीं बारीक काळसर छिद्रें दिसतात. मात्र पेटीवरील पत्रे बहुधा दांताच्या लांबीच्या अंगानें कापलेले असतात, त्यांवर जाळी न दिसतां फिक्या लहरी दिसतात. जाळी नाहीं म्हणून खरी वस्तु टाकून देण्याची चूक होऊं नये. तापल्या सुईनें टोचून पाहण्याची जी परीक्षा सांगतात ती तर वस्तूचा घातच करते. ती कोणीहि करूं नये.

खरी अडचण आहे ती जुन्या दांतावर नवें चित्र कोरलेल्या वस्तूंची. तेथें दांताची परीक्षा व्यर्थ, कारण दांत खराच जुना असतो. अशा वेळीं भेगेकडे पाहावें. हस्तिदंत वाळतां वाळतां त्यास भेगा पडतात. रेषा भेगेच्या दोन्ही कांठांवर तुटून एकमेकींसमोर उभी असेल व भेगेंत रंग नसेल, तर रेषा आधींची, भेग मागाहूनची. उलट रेषेंतला रंग भेगेंत पाझरून पसरला असेल, तर भेग आधींची, आणि चित्र तितकें नवें. तसेंच हात लागण्याच्या जागा पाहाव्या. झांकण उघडण्याच्या कांठाजवळ रेषा झिजून फिकी झालेली असणें हें स्वाभाविक. सर्वत्र सारखी टवटवीत रेषा असेल तर संशय घ्यावा.

राहिला कायद्याचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या १९८६ च्या दुरुस्तीनें भारतीय हस्तिदंताचा, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें आफ्रिकेंतून आलेल्या हस्तिदंताचाहि व्यापार बंद झाला. हा दांत हत्तीचा नव्हे, हिमयुगांतील लुप्त मॅमथचा, ही सबबहि सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं मान्य केली नाहीं. शंभर वर्षांवरील वस्तु देशाबाहेर नेण्यास १९७२ च्याच पुरावस्तु कायद्याची आडकाठी आहे. तेव्हां चोरबाजारांत कोणी पदराखालून जुनी पेटी दाखविली तर ती घेणारा संग्राहक नव्हे, गुन्हेगार ठरेल. हें योग्यच आहे. जुन्या दांताच्या नांवाखालीं ताजा दांत विकला जातो हें उघड आहे. वारसानें आलेली वस्तु घरीं असेल त्यानें मालकीचें प्रमाणपत्र आहे कीं काय तें पाहावें, नसल्यास वनखात्याच्या अधिकाऱ्यांस विचारावें.

परंतु या निर्बंधाचा एक अनिष्ट परिणाम डोळ्यांआड करतां येत नाहीं. विकतां येत नाहीं, दाखविण्यास भीति वाटते, म्हणून गिरगांव-दादरकडील चाळी पाडून मनोरे उठतांना अशा वस्तु माळ्यावरून निघतात त्या थेट कचऱ्यांत तरी जातात, नाहीं तर मुकाट्यानें अदृश्य होतात. लेखकाच्या माहितींतील अशीच दुसरी एक पेटी पाहण्यास जावयाचें ठरलें होतें; आठवड्यानें गेलों तों ती नव्हती, व कोठें गेली हें सांगण्यास कोणी तयार नव्हतें. तिचें छायाचित्रहि कोणाजवळ नाहीं.

यापुढें संग्रह करावयाचा तो नोंदींचा. हें दुधाची तहान ताकावर भागविणें आहे असें कोणी म्हणेल, तर बेग्रामचीच हकीकत पाहावी. तेथील हस्तिदंती पत्र्यांपैकीं कित्येक काबूलच्या संग्रहालयांतून १९९० नंतरच्या यादवींत लुटले गेले. त्यांतील वीस पत्रे पुढें एका अनामिक दात्यानें परत मिळवून दिले. ब्रिटिश म्यूझिअममध्यें त्यांवर उपचार होऊन ते २०११ सालीं तेथें मांडले गेले, व नंतर काबूलला परत गेले. चोरीचा माल कोणता हें ओळखण्यास आधार होता तो हाकँ यांच्या उत्खननाच्या छापील वृत्तान्तांचा, छायाचित्रांसह. उलट उदाहरण आपल्याच शहरांतलें. भायखळ्याचें आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालीं उघडलें. पण त्याचा पहिला अवतार कोटांतील बराकींत होता, आणि १८५७ च्या धामधुमींत त्या बराकी फौजेसाठीं घेतल्या गेल्यावर तेथील वस्तूंची नासधूस झाली. बर्डवुड यांस तो संग्रह पुन्हां उभारावा लागला. राजवाड्यांनीं १८९८ पासून कागद छापले ते कागद टिकणार नाहींत हें जाणूनच.

नोंद करतांना वस्तु धुऊं नये, तेल लावूं नये, उन्हांत ठेवूं नये. तिरपा प्रकाश टाकून प्रत्येक बाजूचें छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावें. रंग कोठें आहे तें लिहावें. भेगा व झीज यांचा नकाशा काढावा. आणि पेटींत काय ठेवलेलें होतें तें, वाटेल तितकें क्षुद्र असलें तरी, टिपावें. या शेवटच्या सूचनेचें महत्त्व गिरगांवच्या पेटीनेंच शिकविलें. तिच्या तळाशीं घडी घातलेले चार मोडी कागद होते. घरच्यांनीं ते रद्दी म्हणून बाजूस काढले होते. तीन किराणा व कापडाच्या हिशेबाचे. चौथी एका लग्नांतील देण्याघेण्याची याद, शके १८१२ ची. तींत दागिन्यांच्या खालीं, तबक व अत्तरदाणी यांच्या मध्यें, हस्तिदंती पेटी एक असें कलम आहे. पेटी त्या घरांत निदान १८९०-९१ पासून आहे. यादीच्या अक्षरावर कोणीं तरी पाण्याचा हात लावलेला आहे, तरी तें कलम स्वच्छ वाचतां येतें.